आभाळ डोक्यावरचं नको, डोंगरावरचं बघा : बर्फ असो की पाणी, धोका वरूनच येतो

तुकईथड (जि. बऱ्हाणपूर) : गावात लख्ख ऊन पडलेलं असतं. रस्ता कोरडा, आभाळ मोकळं. आणि सकाळी घोट्याएवढं पाणी असलेला नाला दुपारी अचानक गढूळ होऊन कमरेएवढा वाहायला लागतो. मेळघाटच्या पायथ्याला राहणाऱ्या कोणत्याही माणसाला यात नवल वाटत नाही. "वर पडला असेल," एवढंच तो म्हणतो. पण दरवर्षी पावसाळ्यात जे वाहून जातात, त्यातल्या अनेकांनी नेमकी हीच गोष्ट क्षणभर विसरलेली असते. इथं पाऊस नाही ना, मग काय होतंय, असं म्हणून त्यांनी गाडी पाण्यात घातलेली असते.

डोंगरातल्या धोक्याचं गणित मैदानापेक्षा वेगळं आहे. मैदानात पाऊस डोक्यावर पडतो तेव्हा माणूस भिजतो. डोंगरात धोका माणूस उभा असतो तिथं तयार होत नाही. तो वर, नजरेआड आणि बऱ्याचदा आदल्या दिवशीच तयार झालेला असतो. हिमालयात बर्फ कोसळतो, तिथंही हाच नियम आहे. सातपुड्यात नाला चढतो, तिथंही हाच.

बर्फाचा कडा का कोसळतो?

सातपुड्यात बर्फ पडत नाही, मग हिमस्खलनाशी इथल्या माणसाचा काय संबंध, असा प्रश्न पडेल. संबंध आहे. या भागातली पोरं सैन्यात आहेत, घरची माणसं केदारनाथ-अमरनाथला जातात, आणि आता कॉलेजची मुलं हिवाळ्यात उत्तराखंड-हिमाचलच्या ट्रेकलाही जायला लागली आहेत. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात हिमस्खलनात जवान गाडले गेले, त्यात अकोला जिल्ह्यातले जवानही होते. त्याआधी ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनच्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गेले. त्यातला एक सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातला होता.

डोंगरावरचा बर्फ म्हणजे एकसंध ढीग नसतो. तो थरांनी बनतो. आधी पडलेला बर्फ उन्हानं, वाऱ्यानं आणि रात्रीच्या गारठ्यानं बदलतो. त्याचा वरचा भाग कधी काचेसारखा गुळगुळीत होतो, कधी साखरेच्या दाण्यांसारखा भुसभुशीत. त्यावर नवा बर्फ पडला की दोन थरांमधली पकड कच्ची राहते. घरात मांडणीवर पसरलेल्या प्लास्टिकवर जड गोधडी ठेवावी, तसा हा प्रकार. फळी सपाट असेल तोवर गोधडी जागेवर राहते. फळी तिरपी केली की ती अख्खीच्या अख्खी घसरते.

म्हणूनच उतार महत्त्वाचा. सर्वाधिक हिमस्खलनं साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा घसरत नाही. त्याहून उभ्या कड्यावर तो साचतच नाही, थोडा थोडा पडत राहतो. घात करतो तो मधला उतार, जो चालायला बरा वाटतो.

दुसरी गोष्ट वारा. बर्फ फक्त आकाशातून पडून साचत नाही. वारा एका बाजूचा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या बाजूला आणून टाकतो. त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही एखाद्या उतारावर रातोरात मोठा भार चढू शकतो. तिसरी गोष्ट अचानक वाढलेली उष्णता. ऊन तापलं की वरचा बर्फ ओला होतो, जड होतो आणि थरांमधली पकड सुटते.

सिनेमात दाखवतात तसं ओरडण्यानं कडा कोसळत नाही. आवाजात तेवढा जोर नसतो. अपघातात सापडणाऱ्या प्रवाशांच्या बाबतीत बहुतेक वेळा कच्चा थर तुटतो तो त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनानं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचं पथक द्रौपदी का डांडा शिखराकडे चढत असताना हिमस्खलन झालं आणि दोन डझनांहून जास्त माणसं गेली. त्या पथकात अनुभवी प्रशिक्षकही होते. अनुभवानं धोका कमी होतो, संपत नाही.

अमरनाथचा धडा : ३१ मिलिमीटर

आता बर्फाकडून पाण्याकडे. ८ जुलै २०२२ रोजी संध्याकाळी अमरनाथ गुहेजवळच्या तंबूंवर पाण्याचा लोंढा आला. किमान पंधरा यात्रेकरू गेले. बातम्यांमध्ये लगेच 'ढगफुटी' हा शब्द आला. पण हवामान खात्याच्या नोंदीनुसार गुहेजवळच्या केंद्रावर त्या दिवशी साडेचार ते साडेसहा या दोन तासांत फक्त ३१ मिलिमीटर पाऊस झाला होता. ढगफुटी म्हणायला तासाला सुमारे १०० मिलिमीटर पाऊस लागतो. गुहेपाशी तेवढा पडलाच नव्हता. जास्तीचा पाऊस वरच्या डोंगरात पडला आणि तो अरुंद नाल्यातून खाली उतरला, असं खात्याचं म्हणणं होतं.

खाली उभ्या माणसाला पाऊस साधाच वाटत होता. वर काय चाललंय, ते त्याला दिसत नव्हतं. तुकईथडच्या नाल्यावर उभ्या माणसाची गोष्ट याहून वेगळी नाही. फरक फक्त उंचीचा.

नाला एवढा चढतो कसा?

याचं गणित सोपं आहे. एक चौरस किलोमीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख लिटर पाणी होतं. एखाद्या नाल्याला वीस चौरस किलोमीटर डोंगराचं पाणी मिळत असेल आणि तिथं तास-दोन तासांत ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ते पाणी शंभर कोटी लिटर भरतं. ५० मिलिमीटर म्हणजे काही विक्रमी पाऊस नव्हे. हवामान खात्याच्या हिशेबानं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला, तरच त्याला 'मुसळधार' म्हणतात.

हे सगळं पाणी नाल्यात येत नाही, काही जमिनीत मुरतं. पण मुरण्याची मर्यादा असते. जूनच्या पहिल्या पावसात तापलेली जमीन पाणी पिते. ऑगस्टमध्ये आठ दिवसांची झड लागून गेल्यावर तीच जमीन भरलेल्या माठासारखी असते, वरचं पाणी सरळ वाहून जातं. म्हणजे नाला किती चढणार, हे आजच्या पावसाएवढंच गेल्या आठवड्याच्या पावसावरही ठरतं. बर्फाच्या थरांचंही असंच आहे. आज पडलेला थर कालच्या थरावर कसा बसला, यावर सगळं अवलंबून.

मेळघाटच्या डोंगरात काळा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर आहे. उतार तीव्र आहेत. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या याच डोंगरातून निघून तापीला मिळतात. त्यांना मिळणारे छोटे नाले तर उन्हाळ्यात कोरडेच असतात. कोरड्या नाल्याला माणूस नदी मानत नाही, तिथंच घात होतो.

सीमा कागदावर आहे, पाण्याला ती माहीत नाही

तुकईथडकरांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट ही. गाव मध्य प्रदेशात, खकनार तहसीलमध्ये. मोबाईलवर हवामानाचा इशारा येतो तो बऱ्हाणपूर जिल्ह्याचा, आणि तो निघतो भोपाळच्या हवामान केंद्रातून. पण शेजारचा मेळघाट अमरावती जिल्ह्यात आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांचा अंदाज नागपूरचं केंद्र देतं. तिकडे जळगाव जिल्ह्याचा अंदाज मुंबईहून येतो.

म्हणजे बऱ्हाणपूरला 'ग्रीन' असताना अमरावतीला 'ऑरेंज' असू शकतो, आणि पाऊस पडणार त्या डोंगरातला. फक्त आपल्या जिल्ह्याचा रंग बघून निघालेला माणूस अर्धीच बातमी वाचून निघतो. सीमेवर राहणाऱ्यानं दोन्ही जिल्ह्यांचे अंदाज बघायची सवय लावून घेतली पाहिजे. धारणी, अकोट, चिखलदऱ्याकडे जाणार असाल तर अमरावती-अकोल्याचा, नेपानगर-खंडव्याकडे जाणार असाल तर बऱ्हाणपूर-खंडव्याचा. आणि मधला नाला ज्या डोंगरातून येतो, त्या डोंगराच्या जिल्ह्याचा तर हमखास.

रंगांचा अर्थ थोडक्यात असा. ग्रीन म्हणजे काळजीचं कारण नाही. यलो म्हणजे लक्ष ठेवा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, गरज नसेल तर निघू नका. रेड म्हणजे जागेवरच थांबा, प्रशासन सांगेल ते करा. पण इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो. जिल्ह्यात सपाटीवर रिमझिम आणि डोंगरात धो-धो, असं एकाच वेळी होतं. म्हणून डोंगरात जाणाऱ्यानं यलोला ऑरेंज समजूनच चालावं.

याशिवाय हवामान खातं पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही देतं. 'मौसम' ॲपवर तो दिसतो. मात्र मेळघाटच्या दऱ्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. त्यामुळे अंदाज बघायचा तो घरून निघताना आणि रेंज असलेल्या शेवटच्या गावात. दरीत उतरल्यावर ॲप कामाचं नाही, डोळे आणि कान कामाचे.

रपट्यावर थांबायचं की जायचं?

एके काळी या भागातली माणसं मीटरगेजच्या गाडीनं धुळघाटचा वळसा घेत डोंगर ओलांडायची. नाल्याचं पाणी पुलाखाली राहायचं, माणूस डब्यात. आता डोंगर ओलांडायचा तो मोटारसायकलनं किंवा जीपनं. वाटेत रपटा म्हणा की फरशी पूल, पाण्याशी गाठ पडतेच.

वाहतं पाणी दिसतं त्यापेक्षा फार जोरदार असतं. सहा इंच वेगवान पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकतं. फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते. दोन फूट पाणी जीपसारखी गाडीही ओढून नेतं. मोटारसायकल तर त्याच्या कितीतरी आधी आडवी होते. शिवाय गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की मधला तुकडा वाहून गेला, ते वरून कळत नाही.

पाणी चढतंय हे नाला आधी सांगतो. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं, काटक्या-पालापाचोळा आणि फेस वाहत येणं, वरच्या अंगानं घरघर ऐकू येणं, या खुणा दिसल्या की मिनिटभरही रेंगाळू नये. काठावरच्या गुराख्यांना आणि कोरकू ढाण्यांवरच्या जुन्या माणसांना या खुणा पाठ असतात. त्यांनी "थांब" म्हटलं तर थांबावं. छोटे डोंगरी नाले जसे झपाट्यानं चढतात, तसेच काही तासांत उतरतात. थांबण्याची किंमत फार तर एक संध्याकाळ. घरी कुणी वाट बघत असेल तर फोन लागेल तिथून कळवावं, पण पाण्यात उतरू नये.

धबधब्याखालीही हाच प्रकार. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. ती माणसं पाण्यात उतरली तेव्हा पाणी एवढं नव्हतं. चिखलदऱ्याला किंवा जवळच्या कुठल्या झऱ्यावर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पावसाळ्यात प्रवाहाच्या मध्ये, खडकावर बसून डबा खायचा नाही. काठाच्या वर बसायचं, आणि पळायला वाट असेल अशाच बाजूला.

वीज : डोंगरमाथा ही सगळ्यात वाईट जागा

देशात वीज पडून २०२२ मध्ये २,८०० हून जास्त माणसं गेली. मध्य प्रदेश या यादीत सर्वांत वरच्या राज्यांमध्ये असतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात दुपारनंतर डोंगरावर ढग उभे राहतात. सकाळी निरभ्र असलेला माथा तीन-चार वाजता गडगडायला लागतो. म्हणून गडावर, माथ्यावर जायचं तर पहाटे निघून दुपारपर्यंत खाली उतरावं.

वीज किती लांब आहे हे मोजता येतं. चमक दिसली की सेकंद मोजा. आवाज यायला तीन सेकंद लागले तर वीज एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुमच्यावरही पडू शकते. तेव्हा पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या टपाच्या गाडीत जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तिथंच थांबायचं. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास वीज पडतेय का ते दाखवतं.

आसरा नसेल तर एकटं झाड, माथा, पाणी आणि तारेचं कुंपण यांच्यापासून दूर सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसावं. आडवं पडू नये. घोळक्यानं न बसता एकमेकांपासून अंतर ठेवावं. मोटारसायकलवर संरक्षण नसतं.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावता येतो. श्वास आणि नाडी थांबली असेल तर लगेच छाती दाबणं सुरू करावं आणि १०८ ला फोन करावा. शेणात किंवा मातीत पुरून ठेवल्यानं वीज 'उतरते' हा समज आजही ऐकू येतो. त्यात जीव वाचवायची मिनिटं हातची जातात.

दरड आणि गारठा

माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर उतरला आणि १५१ जण गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडच्या इर्शाळवाडीवर तेच घडलं. दोन्ही ठिकाणी आधी सलग जोराचा पाऊस झाला होता. सातपुड्यात एवढ्या मोठ्या दरडी विरळ, पण घाटरस्त्यांवर दगड-माती येणं नेहमीचं आहे. झड लागून गेल्यावर परतवाडा–सेमाडोह–धारणीसारख्या रस्त्यानं जाताना वरून बारीक खडे पडत असतील, कड्याला नवी भेग दिसत असेल, झाडं तिरपी झाली असतील, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं असेल, तर तिथं गाडी थांबवून फोटो काढू नयेत. अशा कड्याखाली मुक्काम तर मुळीच नको.

आणखी एक धोका कुणी मोजत नाही, तो गारठ्याचा. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. बऱ्हाणपूर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या घरात. म्हणजे पाच-सहा अंशांचा फरक नुसत्या उंचीचा. त्यात अंग भिजलेलं आणि वारा लागला, की भर ऑगस्टमध्येही माणूस काकडतो. नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वार यात्रेला विदर्भातून हजारो भाविक जातात. भर पावसात, धुक्यात, निसरड्या पायवाटांनी डोंगर चढतात. थरथरणारा माणूस बोलताना अडखळायला लागला, वेड्यासारखं वागायला लागला, तर तो थकलेला नाही, त्याचं अंग थंड पडत चाललंय. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, आडोशाला न्यावं, शुद्धीत असेल तर गरम आणि गोड काही पाजावं. दारू देऊ नये. एक कोरडा कपड्यांचा जोड पन्नीत बांधून ठेवला तर जीव वाचतो.

हिमालयात निघालेल्यांसाठी

बर्फात जाणाऱ्यांनी चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन बघावं. त्यात जिल्हावार धोक्याची पातळी १ ते ५ अशी दिलेली असते. तीन म्हणजे 'मध्यम' समजून पुढं जाऊ नये. जगभर बरेच जीव तीनच्याच दिवशी जातात, कारण चार-पाचला माणूस घाबरून घरी थांबतो. मोठी बर्फवृष्टी झाली तर किमान पुढचा एक-दोन दिवस उतार टाळावेत. उतार ओलांडायचाच तर एका वेळी एकानं ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी.

गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते. अर्ध्या तासानंतर ती झपाट्यानं घटते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. वाचवतात ते सोबतीच. त्यासाठी प्रत्येकाकडे शोधयंत्र, चाचपणीची लांब काठी आणि फावडं हवं, आणि ते वापरायची सवय हवी. ट्रेक कंपनीला पैसे भरण्याआधी हे आहे का, ते विचारून घ्यावं.

निघण्याआधी पाच गोष्टी

१. जिथं जायचं त्या आणि पाणी जिथून येतं त्या, दोन्ही जिल्ह्यांचा अंदाज बघा.
२. गेल्या तीन-चार दिवसांत वर किती पाऊस किंवा बर्फ पडला, ते तिथल्या माणसाला विचारा.
३. कुठून जाणार, कधी परतणार, हे घरी सांगा. वाट बदलली तर कळवा.
४. परत फिरायची वेळ आधी ठरवा. ती झाली की माथा दहा पावलांवर असला तरी फिरा.
५. टॉर्च, शिट्टी, दोरी, कोरडे कपडे आणि चार्ज केलेला फोन सोबत ठेवा. अडचणीत ११२ ला फोन करा.

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय जाता येत नाही, हेही लक्षात असू द्यावं. आडवाटेनं चोरून गेलेला माणूस अडकला तर त्याला शोधायचं कुठं, हेच कुणाला माहीत नसतं.

तापीकाठच्या जुन्या माणसांना ॲप माहीत नव्हतं. ते नाल्याशी आले की आधी मान वर करून डोंगराकडं बघायचे. माथा काळा दिसला की बिडी पेटवून काठावरच बसायचे, पाणी उतरेपर्यंत.